मेरुवनची बारावी बंदूक

१

ईरप्पा मिस्त्रीचं दुकान सोलापुरात तुळजापूर वेशीच्या आतल्या अंगाला होतं. पुढं कामाची खोली, मागं राहायची खोली आणि मधे फळ्यांची भिंत. त्या फळ्यांच्या फटीतून नवरा रंधा मारतोय की शेजाऱ्याशी गप्पा ठोकतोय, हे सावित्रम्माला चूल न सोडता दिसायचं. बहुतेक वेळा तो दोन्ही करत असायचा.

माणूस मोठा समाधानी. त्याच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट एकोणिसाव्या वर्षी करवतीनं मधल्या पेरापासून नेलं होतं. त्याबद्दलसुद्धा तो म्हणायचा, "करवत शहाणी होती की. बिनकामाचं बोट बघून नेलं." मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी तरुणपणीच करून घेतलं, आणि मग दोघंच एकमेकांना पुरले.

आता साठी आली होती. दुधनीला सावित्रम्माच्या बापानं तिच्या नावानं दोन खोल्या ठेवल्या होत्या. पुढं अंगण, पलीकडं तिची धाकटी बहीण अक्कम्मा. वीस वर्षं सावित्रम्मा म्हणत होती, दुधनीला जाऊ. वीस वर्षं ईरप्पा म्हणत होता, एवढं हातातलं काम होऊ दे. चौऱ्याहत्तर साली मात्र त्यानं विभूतीच्या डबीवर हात ठेवून शब्द दिला होता. दिवाळीचा पाडवा झाला की दुकान बंद, आणि दोघांनी मिळून दुधनी.

"दोघांनी," सावित्रम्मानं बजावलं होतं. "मला पुढं धाडून तुमी हितं रंधा मारत बसायचं न्हाय."

"तुला एकटीला कुटं धाडतोय?" ईरप्पा म्हणाला होता.

२

शेवटचं काम घेऊन आला धोंडीराम. हा मूळचा वैरागचा, एका गिरणीत टाइमकीपर, आणि जीव सगळा नाटकात. गिरणी कामगारांचं मंडळ पाडव्याला त्याचं नवं नाटक करणार होतं. नाटकातला देश त्यानं स्वतः काढलेला. नाव मेरुवन. तिथं आगगाडी होती, गिरण्या होत्या, राजा होता, समुद्र तेवढा नव्हता.

"बारा बंदुका पायजेत, मिस्त्री," धोंडीराम म्हणाला. "पण बाजारातल्या खेळण्यासारख्या नकोत. मेरुवनच्या पायदळाची बंदूक, नमुना सत्त्याऐंशी. समद्या शिपायांना एकच. वहीत सगळं लिहिलंय."

वही बघून ईरप्पा हरखला. नळीची लांबी, दस्त्याची जाडी, खटक्याचा बाक, संगीन कुठं अडकते, पट्ट्याची कडी कुठं येते, सगळं आकृतीसकट. काडतुसं कमरेच्या डाव्या बाजूला का, तेही लिहिलेलं. नसलेल्या देशाच्या फौजेसाठी या माणसानं जेवढा विचार केला होता, तेवढा लोक स्वतःच्या घराच्या दारासाठी करत नाहीत.

उभा जन्म ईरप्पानं चौकटी आणि पलंग केले होते. गिऱ्हाईक म्हणायचं, चालेल मिस्त्री, होऊ द्या. सुताचाही फरक नको असं सांगणारा हा पहिलाच. त्यानं घरात जपून ठेवलेलं जुनं सागवान काढलं. नळ्या आतून भरीव, तोंडाशी गिरमिटानं चार बोटं भोक, वर काळा रंग. दस्त्यांना लाखेचं पॉलिश, सात हात. शेवटची बंदूक अष्टमीच्या संध्याकाळी पुरी झाली. बाराही भिंतीला टेकवून तो बराच वेळ नुसता बघत बसला. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या कामाचा गर्व झाला, आणि त्यानं तो होऊ दिला.

३

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. करवत, रंधा, लाकूड तासायची वाकस, पटाश्या धुऊन पुसून पाटावर मांडल्या. हत्यारांवर विभूतीचे तीन पट्टे, हळदकुंकू, झेंडू. आणि मग काय मनात आलं कोण जाणे, ईरप्पानं बाराही बंदुका उचलून पाटामागं ओळीनं उभ्या केल्या आणि एकेकीला विभूती लावत सुटला.

सावित्रम्मा होळिगीचं, म्हणजे पुरणपोळ्यांचं, ताट घेऊन दारात थबकली. "अय्यो, हे नाटकातलं हाय की री! ह्याला कशाला इबूत?" नवऱ्याला ती कानडी रीतीनं 'री' म्हणायची.

"माझ्या हातनं झालंय न्हवं?"

"रंध्यानं झालंय. रंध्याला लावा की."

"आजच्या दिस असू दे गं. लई देखण्या दिसत्यात."

देखण्या दिसत होत्या, हे तिलाही कबूल करावं लागलं.

ईरप्पाचा बाप महादेवप्पा, तोही सुतारच. त्याचा या घरात एक नेम होता आणि ईरप्पा तो चुकवत नसे. नवमीला पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी ज्याचं त्यानं हातात घ्यायचं आणि त्याला त्याचं थोडं काम द्यायचं. करवतीनं एक काप, रंध्यानं एक हात. म्हातारा म्हणायचा, पुजलेलं हत्यार तसंच ठेवलं तर ते हात हुडकत बसतं.

दसऱ्याच्या सकाळी ईरप्पानं सगळ्या हत्यारांना काम दिलं. मग बंदुकांसमोर आला आणि अडला. यांचं काम काय? आणि ते करणारा तो कोण? त्यानं स्वतःशी हसून डोकं खाजवलं. तेवढ्यात सावित्रम्मानं आपट्याची पानं वाटायला निघायचं म्हणून हाक मारली, आणि ते तसंच राहिलं.

४

तिसऱ्या दिवशी बंदुकांवरची धूळ पुसताना पहिल्या बंदुकीच्या दस्त्यापाशी त्याचा हात थांबला. दस्ता जिथं निमुळता होतो, जिथं मूठ बसते, तिथलं पॉलिश गेलं होतं. खरवडलेलं नव्हतं, झिजलं होतं. खाली सागवान काळपट, तेलकट, गुळगुळीत. चाळीस वर्षं वापरलेल्या त्याच्या स्वतःच्या वाकशीचा दांडा तसा होता.

पॉलिश कच्चं राहिलं असणार, असं त्यानं ठरवलं. लाख यंदा भेसळीची येतेय. त्यानं तेवढ्या जागेवर दोन हात मारले आणि विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी ती जागा पुन्हा तशीच. शेजारची दुसरीही तशी. फक्त दुसरीवरची मूठ मोठी होती, दांडग्या माणसाची. त्याच्या पुढच्या दिवशी तिसरीवर बारकी, लांब बोटांची. सहावीवरची झीज उलट्या बाजूला आली. तो शिपाई डावखुरा होता.

'शिपाई' हा शब्द आपल्या मनात कसा आला, याचं ईरप्पाला नवल वाटलं. त्यानं लाखेला दोष दिला, मग हवेला. शेवटी आपल्या डोळ्यांना दोष देऊन चष्मा पुसला. पण चष्म्यानं काय होणार? बोटांना कळत होतं. लाकूड किती वर्षांचं झिजलंय, हे डोळे मिटून सांगणारी ती बोटं होती.

तरी त्याला भीती वाटली नाही, ही गंमत. उलट सकाळी उठल्यावर आज कुणाची मूठ उमटली, हे बघायची त्याला ओढच लागली.

अकरा दिवसांत अकरा झाल्या. बारावी कोरी राहिली.

५

धोंडीराम तालमीसाठी चार नट घेऊन आला आणि बंदुका बघून नाचायचाच बाकी राहिला.

"मिस्त्री, लई भारी! वापरलेल्या दिसतात हो! कसं जमवलंत?"

"जमलं," ईरप्पा म्हणाला. दुसरं काय सांगणार?

नटांनी बंदुका हातात घेतल्या आणि कुरकुर सुरू झाली. मूठ बसत नाही. गुंडा म्हणून गिरणीत मागावर काम करणारा एक साचेवाला होता, तो दोनदा हात बदलून धोंडीरामला म्हणाला, "दुसऱ्याची चप्पल घातल्यागत होतंय, मास्तर." त्यानं बारावी उचलून बघितली. ती त्याच्या हातात नीट बसली, कारण ती अजून कुणाचीच नव्हती.

ते निघाले तेव्हा ईरप्पानं धोंडीरामला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाटकात ह्या बारा जणांचं शेवटी काय होतं?"

"शेवटच्या प्रवेशात वेशीतनं बाहेर पडतात. पडदा."

"आन् फुडं? जातात कुटं?"

धोंडीराम जरा गोंधळला. एवढं सगळं लिहिणाऱ्या माणसानं तेवढं लिहिलं नव्हतं. "ते काय म्या ठरवलेलं न्हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "प्रेक्षकांना वाटंल तिकडं."

६

दुपारी साडेतीनला गिरणीचा भोंगा व्हायचा. भोंगा थांबला की पाळी सुटून सायकली रस्त्यावर येईपर्यंत क्षणभर सगळं शहर गप्प असायचं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी ईरप्पा मागच्या खोलीत आडवा झाला होता. भोंगा थांबला. आणि त्या गप्प क्षणात पुढच्या खोलीतून एक आवाज आला.

ठक्.

फरशीवर लाकूड टेकल्याचा. एकच आवाज, पण एका लाकडाचा नव्हे. बऱ्याच दस्त्यांनी मिळून एका वेळी टेकावं तसा.

फळी पडली असेल, म्हणून त्यानं फटीला डोळा लावला. खोलीत कुणी नव्हतं. बंदुका होत्या तशा भिंतीला. फक्त जमिनीवरचा लाकडाचा भुसा सकाळपासून झाडायचा राहिला होता, आणि तो प्रत्येक बंदुकीसमोर दोन जागी दाबला गेला होता. पावलाएवढी लांबी, पावलाएवढीच रुंदी. अशा अकरा जोड्या, टाचा जुळवून. बारावीसमोरचा भुसा तेवढा मोकळा होता.

तो पुढं गेला, केरसुणी घेतली, सगळा भुसा एका कोपऱ्यात लोटला. भीती अजूनही वाटत नव्हती. त्यालाच त्याची लाज वाटली. मग केरसुणी ठेवताना त्याची नजर बारावीच्या दस्त्यावर गेली.

झीज आली होती. अंगठ्याचा खोलगट ठसा. खाली तर्जनी, मधलं बोट. मग तिसरं, जे अर्ध्यावर थांबत होतं. पुढं करंगळी.

ईरप्पानं आपला उजवा हात त्यावर ठेवला. हात बसला. साठ वर्षांत रंधा बसला नव्हता, वाकस बसली नव्हती, तसा बसला. तुटल्या बोटाचं टोक थंडीत ठणकायचं, तेसुद्धा तिथं शांत झालं. आता काही ठरवायला नको, कुठं जायला नको. कुणीतरी सांगेल तेव्हा निघायचं, तोवर उभं राहायचं. त्याला फार बरं वाटलं.

"री! री!" सावित्रम्मा त्याचा दंड धरून हलवत होती. तिच्या हातातल्या कपातल्या चहावर साय धरली होती. बाहेर दिवेलागण झाली होती. "कवापास्नं हाका मारतेय! दाराकडं तोंड करून काय हुबं ऱ्हायलाय?"

त्याच्या खांद्याला बंदूक होती. टाचा जुळलेल्या होत्या.

"बरं वाटत होतं गं," तो म्हणाला.

७

त्या संध्याकाळी त्यानं तिला सगळं सांगितलं. बायकोपासून लपवायची त्याला सवयच नव्हती. दस्ता दाखवला. सावित्रम्मानं त्या अर्ध्या बोटाच्या ठशावर आपलं बोट फिरवलं.

"मामंजी काय म्हनायचे?" तिनं विचारलं. "पुजलेल्या हत्याराला काम न्हाय दिलं तर हात हुडकतं. व्हय ना? मग काम द्या की त्याला."

"ह्याचं काम मी कसं देऊ, सावित्री? ह्याचं काम मानूस मारायचं."

"तुमी नगा देऊ."

पाडव्याच्या सकाळी खटाखट आवाजानं ईरप्पा जागा झाला. सावित्रम्मा मागच्या दारात पोतं अंथरून बसली होती. पोत्यावर गुळाची ढेप. आणि दोन्ही हातांनी मेरुवनच्या पायदळाची बंदूक, नमुना सत्त्याऐंशी, उलटी धरून ती ढेप फोडत होती. हिरव्या बांगड्या दस्त्यावर वाजत होत्या. गुळाचे खडे अंगणभर.

"अगं, अगं!"

"साकु, पुरं झालं, गप बसा! सणाला गूळ लागतो. बघा कसं काम करतंय!"

ईरप्पा हसता हसता खाली बसला. ती पण हसली. त्या सकाळइतकं ते दोघं कित्येक वर्षांत हसले नव्हते.

दस्त्याला चीर गेली आणि मुठीची जागा गुळानं चिकट झाली. ओल्या फडक्यानं पुसली तर अर्ध्या बोटाचा ठसा कुठं नव्हता. सपाट सागवान. ईरप्पानं हात ठेवून बघितला. नुसतं लाकूड लागलं.

धोंडीरामनं अकरांवर भागवलं. नाटक झकास झालं. शेवटच्या प्रवेशात अकरा शिपाई वेशीतून बाहेर पडले तेव्हा टाळ्या थांबेनात. बाराव्याची जागा मधे रिकामी सोडून ते चालले होते. धोंडीरामला ते फार आवडलं. गुंडा मात्र नंतर म्हणाला की तसं कुणी बसवलं नव्हतं, पाय आपोआप तसे पडले.

चार दिवसांनी स्टेशनाला जायच्या बैलगाडीत सामान भरताना सावित्रम्मानं चीर गेलेली बंदूक ट्रंकेवर ठेवली.

"हे कशाला?" ईरप्पानं विचारलं.

"गूळ फोडायला बरं हाय."

८

दुधनीत त्यांचं बस्तान छान बसलं. अंगणात ऊन यायचं. अक्कम्मा भिंतीवरून भाकरी द्यायची आणि घेताना तासभर बोलायची. ईरप्पा लोकांचे पाट नि पोळपाट दुरुस्त करायचा, मजुरीचं नाव काढलं की हात झटकायचा. असंच असायला हवं होतं वीस वर्षांपूर्वी, असं त्यानं सावित्रम्माला स्वतःहून सांगितलं. ती म्हणाली, उशिरा का होईना, कळलं ना?

धोंडीरामचं एक पोस्टकार्ड आलं. खुशाली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मंडळाच्या खोलीतून अकराही बंदुका गेल्या. कुलूप तसंच, खिडकीचे गज तसेच. कुणी नेल्या कळत नाही. ईरप्पानं ते कार्ड चुलीत घातलं आणि जेवायला बसला. गेल्या त्या गेल्या.

संक्रांतीच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं. दुधनीत गिरणी नाही, भोंगा नाही. पण दुपारी साडेतीनच्या सुमाराला सावित्रम्मा हातातलं काम ठेवायची, उठून उंबऱ्याशी जायची, आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहायची. पाचेक मिनिटं. मग परत येऊन तांदूळ निवडायला बसायची.

"काय बघतेस गं?"

"काय न्हाय. बरं वाटतं तितं."

त्यानं मनाला समजावलं. बाईमाणसाला माहेरातल्या रस्त्याकडं बघावंसं वाटणार नाही का? दोन दिवस हे समाधान पुरलं. तिसऱ्या दिवशी ती आडावरून घागर घेऊन येताना त्यानं तिची पावलं ऐकली. एकसारखी. बांगड्याही त्याच ठेक्यात वाजत होत्या. दारात येऊन तिनं घागर खाली ठेवली, आणि टाचा जुळल्या.

बंदूक स्वयंपाकघराच्या खुंटीला होती. सावित्रम्मा अक्कम्माकडं गेल्यावर ईरप्पानं ती काढली. चीर बुजली होती. मुठीच्या जागी खोलगा होता, लहानसा, गोल, आखूड बोटांचा. आणि मनगट जिथं टेकतं तिथं लाकडावर बारीक बारीक रेघा होत्या, एकमेकींना लागून, बांगड्या वर्षानुवर्षं घासल्यासारख्या.

तो खाली बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते अडवलं नाही. पाडव्याच्या सकाळी ती काय करत होती, हे तिला ठाऊक होतं. गूळ फोडलेलाही विकत मिळतो; तिनं त्याच्या हाताऐवजी आपला हात दिला होता.

जाळावी? चुलीपर्यंत नेली त्यानं. पण त्या खोलग्यावर नजर गेली आणि हात पुढं होईना. तिचा हात होता तो. त्यानं बंदूक जपून परत खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माळ्यावरून सागवानाची उरलेली फळी काढली. धोंडीरामची परत द्यायची राहिलेली वही काढली, पान उघडलं, चष्मा पुसला. अंगणात ऊन चांगलं आलं होतं. करवत नीट चालत होती. नवमीला अजून नऊ महिने होते. घाईचं काम नव्हतं.

सावित्रम्मा चहा घेऊन आली आणि बाजूला बसली.

"हे काय करताय?"

"तेरावी."

"बारा पुरं होत्या की नाटकाला."

"व्हय," ईरप्पा म्हणाला. त्यानं फळीवर आपला उजवा हात ठेवला आणि पेन्सिलीनं बोटांची खूण केली. अर्ध्या बोटापाशी पेन्सिल थांबवली. "पन तू एकटी कशी जाशील?"

कुठं, असं तिनं विचारलं नाही. चहाचा कप त्याच्या हाताशी सरकवला, आणि खाली पडलेला भुसा पदरात गोळा करू लागली.